मेंढीच्या खुराकांतील स्निग्धांश आणि कोकरांची पैदास

दख्खनच्या अवर्षणी पट्ट्यांत मेंढी हें जिराईत शेतकऱ्याचें व धनगर बंधूंचें चालतें भांडवल आहे. एके काळीं या भांडवलाचें व्याज तीन वाटांनीं घरांत येत असे: लोकर, शेतांत मेंढ्या बसविल्याबद्दल मिळणारें धान्य, आणि कोकरें. आतां दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीस जी किंमत येते तिच्यांतून कातरणीची मजुरी निघणेंही कठीण झालें आहे. मेंढ्या बसविण्याची मिळकत हंगामापुरती असते. उरलीं तीं कोकरें. मेंढपाळाचें घर, मुलांचें शिक्षण, लग्नकार्य, सर्व कांहीं आज कोकरांवर चालतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ज्या मेंढीच्या पोटीं कोकरूं आलें नाहीं तीही इतरांइतकाच चारा खाते, इतरांइतकेच कोस चालते, आणि वर्षअखेर धन्याच्या हातीं कांहीं देत नाहीं. समजा, शंभर मेंढ्यांच्या वाड्यांत वीस मेंढ्या रिकाम्या राहिल्या आणि जन्मलेल्या ऐंशीं कोकरांपैकीं दहा पहिल्याच आठवड्यांत गारठून गेलीं, तर शंभरांची राखण करून सत्तरांचेंच उत्पन्न पदरांत पडतें. ही तीसांची तूट कशी भरून काढावी, हा प्रत्येक कळपवाल्यापुढील प्रश्न आहे.

अलीकडे या प्रश्नास एक सोपें उत्तर सुचविलें जातें. सरकी चारा, करडई चारा, तेल पाजा, किंवा बाजारांत मिळणारी चरबीची भुकटी खुराकांत मिसळा, म्हणजे मेंढ्या अधिक फळतील, असें सांगण्यांत येतें. हा सल्ला अगदीं खोटा नाहीं, पण पुरता खराही नाहीं. स्निग्ध पदार्थ मेंढीच्या पैदाशींत निरनिराळ्या वेळीं निरनिराळें कार्य करितात. फळण्यापूर्वीं जें उपकारक ठरतें, तेंच फळल्यानंतर अतिरेकानें दिल्यास नडतें. म्हणून कोणता स्निग्ध पदार्थ, केव्हां, आणि किती, या तीन प्रश्नांचा विचार केल्यावांचून खुराकावर पैसा खर्च करूं नये, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

स्निग्धांशाचें दुहेरी कार्य

वजनास वजन धरिलें तर स्निग्ध पदार्थांत धान्यांतील पिष्टापेक्षां सुमारें सव्वादोन पट उष्णता असते. थोड्या खाण्यांत पुष्कळ शक्ति मिळावी, म्हणून तेलबियांचा खुराक मोलाचा मानितात. हें स्निग्धांशाचें पहिलें कार्य सर्वांस ठाऊक आहे.

दुसरें कार्य ध्यानांत येण्यास 1929 साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनीं पांढऱ्या उंदरांस स्निग्धांश पूर्णपणें काढून टाकलेलें अन्न देऊन पाहिलें. अन्नांत उष्णता भरपूर असूनही त्या उंदरांची वाढ खुंटली, शेपटीची कातडी खवल्यांसारखी झाली, आणि माद्यांचें बीजांड सुटण्याचें चक्र बिघडलें. लिनोलिक अम्ल नांवाचें स्निग्धाम्ल अल्प प्रमाणांत दिल्यावर हे विकार हटले. यावरून असें सिद्ध झालें कीं, कांहीं स्निग्धाम्लें शरीरास इंधन म्हणून नव्हे, तर कच्चा माल म्हणून लागतात. आणि तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात.

अशीं आवश्यक स्निग्धाम्लें मुख्यतः दोन आहेत. करडई, सरकी व सूर्यफूल यांच्या तेलांत लिनोलिक अम्ल विपुल असतें. त्याच्या घराण्यास ओमेगा-6 म्हणतात. जवस व हिरवें गवत यांत लिनोलेनिक अम्ल विपुल असतें. तें ओमेगा-3 घराण्याचें होय. नांवें व घडण जवळजवळ सारखीं. परंतु गर्भधारणेच्या कामीं दोघांचे गुण पुष्कळ अंशीं परस्परविरुद्ध आहेत.

मेंढ्याच्या ग्रंथींतून लागलेला शोध

हा विरोध समजण्यासाठीं एका शोधाची हकीकत पाहणें अवश्य आहे, आणि आम्हां मेंढपाळांस तिचें कौतुक अधिक वाटावें, कारण तो शोध मेंढ्याच्याच शरीरांतून लागला. 1930 नंतरच्या दशकांत स्वीडनमधील शास्त्रज्ञ फॉन ऑयलर यांस मेंढ्याच्या वीर्यग्रंथींच्या अर्कांत स्नायू व रक्तवाहिन्या यांवर परिणाम करणारें एक तीव्र द्रव्य आढळलें. 1935 सालीं त्यांनीं त्यास प्रोस्टाग्लॅंडिन असें नांव दिलें. पुढें त्यांचेच देशबंधु बर्गस्ट्रॉम यांनीं मेंढ्यांच्या ग्रंथींचा मोठा सांठा जमवून त्यांतून हें द्रव्य 1957 सालीं शुद्ध स्फटिकरूपांत वेगळें केलें. आणि 1964 सालीं असें दिसून आलें कीं, हीं द्रव्यें वर सांगितलेल्या आवश्यक स्निग्धाम्लांपासूनच तयार होतात. या कार्याबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन व व्हेन या तिघांस 1982 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां या द्रव्याचा कोकराशीं संबंध काय, तो पाहूं. मेंढी दर सोळा-सतरा दिवसांनीं माजावर येते व माज सुमारें 24 ते 36 तास टिकतो. बीजांड सुटल्यावर त्याच्या जागीं अंडाशयावर एक पिवळसर गांठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नांवाचा रस रक्तांत सोडतो. गर्भाशयाची भूमि गर्भासाठीं तयार राखणें हें त्या रसाचें काम. तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय चाचपणी करितें. गर्भ नसेल तर त्यांतून प्रोस्टाग्लॅंडिन एफ-2-अल्फा हें द्रव्य सुटतें व तें पीतपिंड नष्ट करितें. मग मेंढी पुन्हां माजावर येते. पीतपिंड मारणारें द्रव्य तें हेंच, ही गोष्ट 1972 सालीं मेंढ्यांवरील प्रयोगांनींच स्पष्ट केली.

गर्भ असेल तर त्यानें आपल्या अस्तित्वाचा निरोप वेळेवर पोहोंचविला पाहिजे. केंसासारखा लांबट झालेला तो इवलासा गर्भ बाराव्या-तेराव्या दिवसापासून एक विशिष्ट प्रथिन सोडतो, आणि तें प्रथिन गर्भाशयास प्रोस्टाग्लॅंडिन सोडण्यापासून परावृत्त करितें. गर्भ अशक्त असला, किंवा प्रोस्टाग्लॅंडिनाचा लोंढा प्रबळ झाला, तर निरोप पोहोंचत नाहीं. अशा वेळीं मेंढी फळलेली असूनही उलटते, आणि आपण समजतों कीं मेंढा कामास आला नाहीं. फळलेल्या बीजांडांपैकीं शेंकडा 20 ते 30 पर्यंत पहिल्या कांहीं आठवड्यांतच नाश पावतात. ही हानि डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच ती अधिक घातक होय.

ओमेगा-6 घराण्याच्या स्निग्धाम्लांपासून प्रोस्टाग्लॅंडिन एफ-2-अल्फाचा कच्चा माल मिळतो. ओमेगा-3 घराण्याचीं अम्लें त्याच भट्टींत शिरून जागा अडवितात व तें द्रव्य कमी तयार होऊं देतात. बीजांड सुटतांना व मेंढी वितांना प्रोस्टाग्लॅंडिन आवश्यकच असतें. परंतु फळल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यांत तें गर्भाचें वैरी ठरतें. एकच पदार्थ एका वेळीं मित्र व दुसऱ्या वेळीं शत्रु होतो, याचें मर्म येथें आहे.

मेंढीचें पोट आणि तेल

येथें कोणी म्हणेल, तर मग मेंढीस जवसाचें तेल पाजलें कीं काम झालें. परंतु मेंढी ही उंदीर नव्हे कीं मनुष्यही नव्हे. तिनें खाल्लेलें सर्व अन्न प्रथम कोठीपोटांत जातें. तेथें कोट्यवधि सूक्ष्म जंतु चारा आंबवितात. पातळ तेलांतील आवश्यक स्निग्धाम्लें या जंतूंस विषासारखीं वाटतात. म्हणून ते त्यांस हायड्रोजन जोडून घट्ट चरबींत रूपांतरित करितात. ही क्रिया 1951 सालीं रायझर यांनीं दाखविली. करडईचें पातळ तेल खाणाऱ्या मेंढीची चरबी तरी टणकच राहते, त्याचें कारण हें. तेलांतील आवश्यक अम्लांचा बराच मोठा भाग अशा रीतीनें पोटांतच रूप पालटतो, आणि थोडाच रक्तापर्यंत पोहोंचतो.

याहून मोठा धोका निराळा आहे. तेल अधिक झालें तर तें चाऱ्याच्या तंतूंवर लेपासारखें बसतें आणि तंतु पचविणारे जंतु मरतात. मेंढीचें रवंथ मंदावतें, ती कडबा व गवत टाकते, तिला हगवण लागते. ज्या मेंढीस पुष्ट करावयाचें तीच रोडावते. यासाठीं एकंदर खाण्याच्या शुष्क भारांत स्निग्धांश शेंकडा 5 ते 6 यापेक्षां अधिक होऊं देऊं नये, हा नियम सर्वत्र मान्य आहे.

अख्खें बीं या दृष्टीनें तेलापेक्षां बरें. त्याच्या टरफलामुळें तेल हळूहळू सुटतें, जंतूंस एकदम ओझें होत नाहीं, आणि कांहीं भाग सुरक्षितपणें पुढील पोटांत उतरतो. 1970 सालीं ऑस्ट्रेलियांतील स्कॉट व त्यांचे सहकारी यांनीं तेलाच्या बारीक थेंबांभोंवतीं फॉर्मॅलिननें घट्ट केलेल्या प्रथिनाचें कवच बसवून तें कोठीपोटांतून सुखरूप पार करण्याची युक्ति काढली. चुन्याशीं संयोग करून बनविलेली चरबी त्यानंतरची. तीच आज बायपास फॅट या नांवानें पोत्यांत मिळते. येथें ग्राहकानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही भुकटी बहुधा पामतेलापासून केलेली असते व तींत आवश्यक स्निग्धाम्लें थोडीं असतात. ती शक्ति देते, परंतु ओमेगा-3 चें काम तिच्याकडून होण्याची अपेक्षा करूं नये.

फळण्यापूर्वींचे तीन आठवडे

मेंढे सोडण्यापूर्वीं दोन-तीन आठवडे मेंढ्यांस चांगला खुराक दिला असतां एकाऐवजीं दोन बीजांडें सुटण्याचा संभव वाढतो, हा अनुभव जगभरच्या मेंढपाळांचा आहे. आमच्याकडे हें काम पहिला पाऊस करितो. वैशाखांत खंगलेली मेंढी मृगाच्या सरीनंतर उगवलेलें कोवळें गवत खाऊं लागते, चार दिवसांत तिच्या अंगावर तकाकी येते, आणि कळप माजावर येतो. त्या पावसाळी फळण्याचीं कोकरें कार्तिक-मार्गशीर्षांत होतात. कोवळ्या गवताच्या शुष्क भारांत स्निग्धांश शेंकडा 2 ते 3 च असतो. पण त्यांतील निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक अम्लाचा असतो. वाळलेल्या कडब्यांत त्याचा बराचसा नाश झालेला असतो.

परंतु या वाढीचें सर्व श्रेय स्निग्धांशास देणें चुकीचें होईल. पश्चिम ऑस्ट्रेलियांत 1970 नंतरच्या दशकांत ल्युपिन नांवाचें कडधान्य रोज अर्धा किलो दिल्यानें पांच-सहा दिवसांतच मेंढ्यांचीं अधिक बीजांडें सुटूं लागलीं. आणि ल्युपिनांत तेल थोडेंच असतें. तेथें मुख्य काम प्रथिनांनीं व पिष्टाशिवायच्या इतर शक्तिदायक अंशांनीं केलें. स्निग्ध पदार्थ जादा देऊन केलेल्या प्रयोगांत रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें. त्यापासून प्रोजेस्टेरॉनादि रस तयार होतात. कित्येक वेळां बीजपुटिकाही मोठ्या होतात. परंतु दर वेळीं कोकरांची संख्या वाढतेच असें नाहीं. ज्या कळपांतील मेंढ्या आधींच चांगल्या मांसल आहेत, तेथें तर बहुधा कांहींच फरक पडत नाहीं.

म्हणून खुराकाचा विचार करण्यापूर्वीं मेंढीच्या कंबरेवर हात ठेवून पाहावा. 1961 सालीं टास्मानियांतील जेफरीज यांनीं शून्यापासून पांचापर्यंत गुण देण्याची जी रीत घातली, ती आपल्याकडील जाणत्या माणसाच्या हाताच्या परीक्षेसारखीच आहे. शेवटच्या बरगडीमागें कण्याचें उभें टोंक व आडव्या हाडांचीं टोंकें बोटांनीं चाचपावीं. टोंकें सुरीसारखीं लागलीं तर गुण एक. गोलसर लागून किंचित् दाबल्यावर समजलीं तर तीन. दाबूनही लागलीं नाहींत तर पांच. फळण्याच्या वेळीं तिनाच्या आसपास गुण असावा. अंगावरील ही चरबी नुसता सांठा नसून ती मेंदूस खबरही देते. 1994 सालीं सांपडलेला लेप्टिन नांवाचा रस चरबींतूनच निघतो व शरीर प्रजननास समर्थ आहे कीं नाहीं हें कळवितो. दोन गुणांच्या मेंढीस खुराकाचा लाभ सर्वांत अधिक होतो. चार गुणांच्या मेंढीवर तो वायां जातो. कळपांतून निवडून ज्या रोड आहेत त्यांनाच खुराक देणें, ही काटकसर कोणासही करतां येईल.

फळल्यानंतरचे तीन आठवडे

बहुतेक चुका या काळांत होतात. मेंढी फळली म्हणून आनंदानें खुराक दुप्पट करणें हा उपकार नव्हे. अति खाण्यानें यकृतांतून वाहणारें रक्त वाढतें, यकृत प्रोजेस्टेरॉनाचा झपाट्यानें फडशा पाडितें, रक्तांतील त्याचें प्रमाण घसरतें, आणि गर्भ टिकत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील मेंढ्यांवर 1987 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फळल्यानंतर गरजेच्या दुप्पट अन्न मिळालेल्या मेंढ्या बेताचें अन्न मिळालेल्यांपेक्षां कमी प्रमाणांत गाभण राहिल्या. उलट एकाएकीं उपासमार झाली तरीही गर्भ जातो. तेव्हां या तीन आठवड्यांत खुराक एकदम वाढवूं नये, एकदम तोडूंही नये. लांबची चाल, कातरणी, जंतांच्या औषधासाठीं धरपकड, हीं शक्य तों टाळावीं.

स्निग्धांशाच्या दृष्टीनें हा काळ ओमेगा-3 चा आहे. सुदैवानें पावसाळी हिरवें गवत तोच पुरवठा करीत असतें. ज्यांच्या मेंढ्या उन्हाळ्यांत, कोरड्या चाऱ्यावर असतांना फळतात, त्यांनीं सरकी हळूहळू कमी करून थोडा जवस किंवा हिरवा लसूणघास द्यावा, हें सयुक्तिक होय. 2013 सालीं ऑस्ट्रेलियांतून एक कुतूहलजनक निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फळण्यापूर्वींपासून फळल्यानंतरपर्यंत ओट व सरकी पेंड यांवर ठेवलेल्या मेंढ्यांस माद्या कोकरें अधिक झालीं. एका प्रयोगावरून कोणी माद्यांच्या आशेनें सरकीचीं पोतीं भरूं नयेत. पण स्निग्धाम्लांचा परिणाम किती खोल जातो, हें यावरून कळतें.

विण्यापूर्वींचे सहा आठवडे

मेंढीचा गाभणकाळ सुमारें 150 दिवसांचा. जन्मतांना कोकराचें जें वजन असतें त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. याच वेळीं मोठ्या गर्भानें पोट दाबलेलें असतें व मेंढीस पुरेसा चारा खातां येत नाहीं. त्यामुळें थोड्या आकारांत पुष्कळ शक्ति देणारा खुराक येथें खरोखर उपयोगी.

मात्र येथेंही एक इशारा आहे. पोटांत जुळीं असलेली मेंढी उपाशी राहिली तर तिच्या अंगावरील चरबी वेगानें वितळून यकृतांत सांठते, रक्तांत विषारी अंश जमतात, मेंढी सुस्त होऊन भिंतीस डोकें टेकून उभी राहते व मरते. गर्भास साखर लागते, आणि स्निग्धाम्लांपासून शरीर साखर बनवूं शकत नाहीं. म्हणून या काळांत नुसतें तेल किंवा नुसती चरबीची भुकटी देऊन भागणार नाहीं. त्याबरोबर भरडलेली ज्वारी, मका अथवा बाजरी हवीच. अशी मेंढी सुस्त दिसूं लागतांच पशुवैद्यास बोलवावें. गुळाचें पाणी पाजणें हा तोंवरचा उपाय होय.

ओमेगा-3 चा एक उत्तम उपयोग याच काळांत दिसून आला आहे. इंग्लंडांतील हार्पर ॲडम्स येथें 2006 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गाभण मेंढ्यांस माशाचें तेल दिलें असतां त्या सुमारें दोन दिवस उशिरां व्याल्या, आणि त्यांच्या कोकरांच्या मेंदूंत ओमेगा-3 अम्लें अधिक आढळलीं. अशीं कोकरें लवकर सडास तोंड लावितात, असेंही दिसलें. थंडीच्या पहांटे जन्मलेल्या कोकराचें मरण किंवा जीवन पहिल्या तासांत चीक मिळण्यावर अवलंबून असतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या गोष्टीचें मोल सांगावयास नको. परंतु त्याच प्रयोगांत चिकांतील व दुधांतील स्निग्धांश घटला. एका हातानें मिळालें तें दुसऱ्या हातानें कांहीं अंशीं गेलें. जवस किंवा हिरवा चारा यांचा परिणाम माशाच्या तेलापेक्षां सौम्य असतो. आमच्या परिस्थितींत तोच मार्ग सोयीचा व आचारासही धरून आहे.

मेंढ्यास विसरूं नये

चाळीस मेंढ्या एकेका मेंढ्यावर अवलंबून असतात, तरी खुराक वांटतांना मेंढाच बहुधा मागें राहतो. शुक्रबीजाच्या आवरणांत ओमेगा-3 घराण्याचें डीएचए नांवाचें अम्ल मोठ्या प्रमाणांत असतें व शेपटाची चपळता त्याच्या लवचिकपणावर अवलंबून असते. शुक्रबीज तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारें दोन महिने लागतात; म्हणून मेंढ्याचा खुराक मेंढ्या फळण्याच्या दोन महिने आधीं सुरू करावा. सरकीबाबत मात्र सावध असावें. तिच्यांत गॉसिपॉल नांवाचें द्रव्य असतें. तें नराच्या शुक्रबीजास अपाय करितें. मोठ्या मेंढीचें कोठीपोट त्याचा बराच भाग निकामी करितें, परंतु मेंढ्यास सरकी फार दिवस व फार प्रमाणांत देऊं नये, आणि लहान कोकरांस तर देऊंच नये.

आपल्या दारांतील तेलबियांचा हिशेब

अख्ख्या सरकींत शेंकडा 18 ते 20, करडईंत सुमारें 30, व जवसांत सुमारें 40 स्निग्धांश असतो. करडईच्या तेलांत सुमारें तीन-चतुर्थांश लिनोलिक अम्ल, तर जवसाच्या तेलांत निम्म्याहून अधिक लिनोलेनिक अम्ल. घाण्याच्या किंवा दाबयंत्राच्या पेंडींत शेंकडा 6 ते 8 किंवा थोडा अधिक स्निग्धांश राहतो. द्रावकानें तेल काढून घेतलेल्या पेंडींत तो शेंकडा 1 च्या आसपास उरतो. पूर्वीं वाडवडील पेंड चारीत व मेंढ्या चमकत, आतां तीच पेंड चारून तसें कां होत नाहीं, असें विचारणाऱ्यांस याचें उत्तर येथें मिळेल. प्रथिनांसाठीं द्रावकी पेंड उत्तम, परंतु स्निग्धांशासाठीं ती घेऊं नये.

सुमारें 28 किलो वजनाची दख्खनी मेंढी दिवसास अदमासें एक किलो शुष्क चारा खाते. शेंकडा 5 च्या नियमानें तिच्या पोटांत एकंदर 50 ग्रॅमपर्यंत स्निग्धांश जावा. त्यांतील 20 ते 25 ग्रॅम चाऱ्यांतूनच मिळतो. राहिले 25 ग्रॅम. म्हणजे रोज 100 ग्रॅम सरकी, किंवा 75 ग्रॅम करडई, किंवा 50 ग्रॅम जवस, यांपैकीं एक पुरे. तिन्ही मिळून नव्हे. आरंभीं चतुर्थांश माप देऊन आठ-दहा दिवसांत पूर्ण मापावर यावें. जवसांत ओलाव्यानें विषारी द्रव्य निर्माण होऊं शकतें. म्हणून तो भिजत घालून ठेवूं नये, कोरडाच धान्याबरोबर द्यावा. बुरशी आलेली कोणतीही पेंड गाभण मेंढीपुढें टाकूं नये.

जुळ्यांचा वाण आणि खुराक

दख्खनी मेंढी साधारणतः एकच कोकरूं देते. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गरोळ मेंढीचा बहुप्रसव गुण दख्खनी मेंढींत आणून सुवर्णा नांवाचा वाण तयार केला. त्या मेंढ्यांस एका वितीं सरासरी सुमारें दीड कोकरूं होतें. या गुणाचें बीज कोणत्या जनुकांत आहे, तें 2001 सालीं निश्चित झालें. यावरून कांहीं वाचक म्हणतील, वाण असतां खुराकाची कटकट कशास? परंतु वाण बीजांडें सोडतो. गर्भ टिकविणें, जुळ्यांस वजन देणें, दोघांपुरता चीक उतरविणें, हें खुराकाचें काम. उपाशी मेंढीच्या पोटीं जुळीं हें वरदान नसून संकट होय. ज्यानें जुळ्यांचा वाण घेतला त्यास शेवटच्या सहा आठवड्यांचा खुराक टाळतां येणार नाहीं.

स्वतः करून पाहण्याजोगा प्रयोग

वरील सर्व वाचून कोणीही आपल्या सबंध कळपावर एकदम खर्च करूं नये. रोड अशा चाळीस मेंढ्या निवडाव्या. एकीआड एक मेंढीच्या पाठीवर गेरूची खूण करावी. खुणेच्या वीस मेंढ्यांस मेंढे सोडण्यापूर्वीं तीन आठवडे रोज 100 ग्रॅम सरकी द्यावी. फळण्यास लागल्यावर ती दोन आठवड्यांत उतरवीत बंद करावी. बिनखुणेच्या वीस मेंढ्यांस नेहमींप्रमाणेंच ठेवावें. दोन्ही गट एकत्र चरूं द्यावे व मेंढे तेच असावे. उलटलेल्या मेंढ्या, व्यालेल्या मेंढ्या, एक महिन्यानंतर जिवंत असलेलीं कोकरें, यांची वहींत नोंद करावी. पांच आठवड्यांस दर मेंढीमागें सरकी साडेतीन किलोपेक्षां कमीच लागेल, म्हणजे वीस मेंढ्यांस 70 किलोच्या आंत. गांवच्या भावानें तिची किंमत एका पारड्यांत, आणि अधिक वाचलेल्या कोकरांची किंमत दुसऱ्या पारड्यांत घालावी. पारडें कोणीकडे झुकतें तें पाहून पुढील वर्षाचा निर्णय करावा.

सारांश, रोड मेंढीस आधीं पोटभर चारा व धान्य, मग तेलबिया. फळण्यापूर्वीं सरकी अथवा करडई, फळल्यानंतर हिरवें व थोडा जवस, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत धान्यासह बेताचा स्निग्धांश. मेंढपाळाची खरी कमाई मापून देण्यांत आहे, ओतून देण्यांत नाहीं. या पावसाळ्यांत दहा-वीस कळपांतून जरी अशी नोंद झाली व ती एकमेकांस दाखविली गेली, तरी रिकाम्या राहणाऱ्या मेंढ्यांची संख्या घटविण्याचा मार्ग परक्याच्या सल्ल्यावर न विसंबतां आपल्याच वाड्यांत सांपडेल.